बाबांच्या हाती सोपवलेलं मत

जून आला की आमच्या जॉन्सनव्हिलच्या घरातल्या काचांना आतून घाम फुटतो. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे जुना टॉवेल घेऊन एकेक खिडकी पुसत जायचं. पुसलेल्या काचेतून आधी समोरची टेकडी दिसते, मग तिच्यावरची एका बाजूला कायमची वाकलेली झुडपं आणि मग खाली रेल्वे स्टेशन, जिथे आमची गाडी येऊन संपते. दक्षिणेकडचा वारा सुटलेला असतो. हा वारा थेट बर्फावरून निघतो आणि वाटेत कुठेही न थांबता आमच्या दाराच्या फटीत शिरतो. न्यूझीलंडमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी त्याला घाबरले होते. आता तो आला की स्वयंपाकघरात आलं किसायला घेते.

परवा अशीच काचा पुसत होते. रेडिओवर ब्रिटनच्या बातम्या चालू होत्या. युरोपातून बाहेर पडायचं ठरवून तीन वर्षं झाली, तरी तो देश अजून उंबऱ्यावरच उभा आहे. एक पाय आत, एक बाहेर. नितीन, म्हणजे माझा नवरा, बूट घालता घालता म्हणाला, "अजून संपलं नाही का यांचं?"

"आपल्या घरापुरतं तर केव्हाच संपलं," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो. ते हसू सुटकेचं होतं. तीन वर्षं झाली तरी ती सुटका अजून ताजी आहे.

दोन हजार सोळाचा तो हिवाळा मला आठवतो तो ईराच्या मोज्यांसकट. ईरा माझ्या वैशालीताईची मुलगी. इंग्लंडच्या मधोमध असलेल्या एका लहान गावात वाढलेली, तिकडच्याच एका विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणारी, आणि एका सत्रापुरती आमच्या शहरात, वेलिंग्टनला, आमच्याकडे राहायला आलेली. फेब्रुवारीत उन्हात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने जँडल्स घेतल्या. इथे सपातांना जँडल्स म्हणतात. उन्हाळा गेला, पानं गळली, वारा सुटला, पण तिने जँडल्स सोडल्या नाहीत. आत जाड लोकरीचे मोजे चढवले, इतकंच. मोज्याचा अंगठा वेगळा काढून पट्ट्यात अडकवायची आणि फटक फटक करत स्टेशनाकडे उतरायची. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "मावशी" हा एक शब्द तेवढा स्वच्छ मराठीत. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे, पण तुम्ही वाचताना मध्यइंग्लंडच्या हेलातलं इंग्रजी ऐका. त्यात चार महिन्यांत शिकलेलं इथलं "स्वीट ॲज", म्हणजे मस्त, आणि "हीप्स", म्हणजे खूप, ढिगाने, हे मिसळा.

तिच्या सत्रातला शेवटचा मोठा निबंध होता ब्रिटिश मतदारावर. माणूस मत कशावरून देतो: वर्ग, वय, शिक्षण, कुठल्या भागात राहतो, कुठल्या वंशाचा, आणि कुठलं वर्तमानपत्र वाचतो. संध्याकाळी मी पोळ्या लाटायची आणि ती ओट्याला टेकून मला वाचून दाखवायची. पूर्वी म्हणे कामगाराचं मत कामगारांच्या पक्षाला आणि बंगल्यातल्याचं मत दुसऱ्या पक्षाला, इतकं सरळ होतं. मग कारखाने गेले, खाणी गेल्या, घरं विकत घेता आली, आणि ती वीण उसवली. आता वय बघतात, पदवी बघतात. वर्तमानपत्र वाचकाचं मत घडवतं की वाचक आपल्या मताचं वर्तमानपत्र शोधून काढतो, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी सॉफ्टवेअर तपासणारी बाई. कुठल्या कारणाने काय बिघडलं हे शोधण्यात माझा दिवस जातो. मला हे सगळं फार आवडायचं.

शेजारच्या ब्रायनलाही आवडायचं. तो उत्तर इंग्लंडमधल्या खाणकामगारांच्या गावातून तरुणपणी इथे आलेला, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. इतकी वर्षं बाहेर राहिल्यामुळे त्याला आता तिकडे मत नव्हतं, पण तिकडचा रेडिओ दिवसभर चालू असायचा. कुंपणावरून परसातल्या फेजोआ फळांची पिशवी देताना तो ईराला म्हणाला, "आमच्याकडे मत बापाकडून यायचं. नाकासारखं. आरशात बघायचं आणि समजायचं, हे आपलं."

"आणि पेपर?"

"बाबा जन्मभर एकच पेपर घ्यायचे. मासळी गुंडाळायला मात्र दुसरा आणायचे. आपल्या पेपरात मासळी गुंडाळणं त्यांना पटायचं नाही."

ईराने ते निबंधात घातलं. मास्तरांना आवडलं असणार.

तर, त्या जूनमध्ये युरोपात राहायचं की बाहेर पडायचं यावर ब्रिटन मत देणार होता आणि ईरा इथे होती. तिकडे अशी सोय आहे की मतदार परदेशी असेल तर तो आपल्या वतीने मत द्यायला दुसऱ्या कुणाला नेमू शकतो. त्याला प्रॉक्सी म्हणतात. ईराने आपल्या बाबांना नेमलं होतं. एप्रिलमध्ये, फोनवर, हसत हसत. "बाबा, तू जाणारच आहेस ना केंद्रावर? माझंही टाकून ये." तिला युरोपात राहायचं होतं. बाबांना काय हवंय, हे विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. ते स्वतः भारतातून तिकडे गेलेले. तिच्या हिशेबात त्यांचं उत्तर ठरलेलंच होतं.

तिचे बाबा म्हणजे आमचे श्रीकांत भावजी. मूळचे चिंचवडचे. त्या लहान गावात त्यांचं औषधाचं दुकान आहे. नव्वदच्या आसपास गेले, पुन्हा सगळ्या परीक्षा दिल्या, दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून दिवस काढले आणि मग आपलं दुकान टाकलं. गावातल्या म्हाताऱ्यांची गुडघेदुखी ते नावानिशी ओळखतात. मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

मतदानाच्या आधीच्या एका रविवारी, आमच्या संध्याकाळी आणि त्यांच्या सकाळी, व्हिडिओ कॉल लागला होता. टेबलावर चहा, आणि भावजींच्या हातात वर्तमानपत्र. पहिल्या पानावरची ठळक अक्षरं आम्हाला इकडून वाचता येत होती. बाहेरून येणाऱ्या लोंढ्याबद्दल काहीतरी होतं.

"बाबा, तू हे वाचतोस?"

"दुकानाच्या सवयीने येतो घरी. गिऱ्हाइकं त्यावर बोलतात. आपल्याला माहीत नको?"

"पण त्यात लिहिलेलं तुला पटत नाही ना?"

भावजींनी पेपराची घडी घातली. "सगळं नाही. पण बाहेर पडावं, असं मलाही वाटतं."

ईरा आधी हसली. तिला थट्टा वाटली. मग तिचा चेहरा उतरला. "तू स्वतः बाहेरून आलास, बाबा."

"म्हणूनच वाटतं."

"हे तू बोलत नाहीयेस. हा पेपर बोलतोय."

"आणि तुझ्या तोंडून कोण बोलतंय? तो फोन? तो तुला तुझ्यासारखीच माणसं दाखवतो दिवसभर. माझ्या दुकानात सगळे येतात, ईरा."

"त्या सगळ्यांनी मिळून तुझ्यासाठी विचार केला, आणि तू करायचं सोडून दिलंस!"

पलीकडे ताई "अगं" म्हणाली. भावजी उठले, चष्मा काढला, आणि मराठीत, अगदी हळू म्हणाले, "दुकानात जायचंय मला." पडद्यावर रिकामी खुर्ची उरली. त्यांचं दुकान रविवारी बंद असतं.

आम्ही जेवायला बसलो. ईराने भात कालवला आणि हात तसाच ठेवला. "मावशी," ती म्हणाली, "माझं मत त्याच्याकडे आहे."

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. बदलायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. नितीनने धीर द्यायला म्हणून सांगितलं, की मतदान गुप्त असतं, कुणी कुणाचं काय केलं हे कधीच कळत नाही, तेव्हा सोडून दे. धीर तो काय मिळणार! ती पानावरून उठूनच गेली. कारण तेच तर खरं होतं. भावजींनी काय केलं हे कधीच कळणार नव्हतं. ते सांगतील त्यावर विश्वास ठेवायचा, किंवा नाही ठेवायचा. आणि त्यांच्यावर विश्वास आहे की नाही हा प्रश्न या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा पडला होता.

पुढचे दिवस घरात आवाज नव्हता. काचा रोज सकाळी भरून यायच्या. ईरा परीक्षेचा अभ्यास करायची, वाचून काही दाखवायची नाही. जँडल्स दारात पडून असायच्या. टोपी न घालताच वाऱ्यात बाहेर जायची आणि कानाला दडे बसले की परत यायची. तिकडेही तसंच, ताई म्हणाली. भावजी दुकानातून येतात, जेवतात, टीव्हीवर दोन्ही बाजूंचे लोक भांडत असतात ते बघतात, आणि आवाज बंद करून टाकतात.

"पेपरामुळेच का गं त्यांचं असं झालं?" मी विचारलं.

ताई मग म्हणाली, "तुला त्यांच्या आईंचं आठवतं?"

मला अर्धवट आठवत होतं. भावजींची आई चिंचवडला एकट्या असायच्या. भावजींनी त्यांना कायमचं इंग्लंडला आणायचा प्रयत्न केला होता. सगळं जमवलं, मुलाखती दिल्या. दोनदा नकार आला. ईरा तेव्हा रांगत होती. त्याच सुमारास दुकानाशेजारी युरोपातून एक कुटुंब राहायला आलं; चांगलं कुटुंब, ताईशी त्यांची मैत्रीही झाली. त्यांच्यातल्या मुलाने एका सकाळी आपल्या आईला विमानतळावरून घेतलं आणि घरी आणलं. ना मुलाखत, ना काही; युरोपातल्यांना त्याची गरजच नव्हती. त्या बाई बागेत खुर्ची टाकून बसायच्या आणि भावजी औषधं मोजता मोजता खिडकीतून बघायचे. आई चिंचवडलाच गेल्या. भावजी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

"ते एका शब्दाने कधी बोलले नाहीत," ताई म्हणाली. "पेपराने त्यांना काही शिकवलं नाही गं. आत जे ठुसठुसत होतं त्याला रोज सकाळी शब्द मिळत गेले. शब्द त्यांचे नव्हते, दुखणं त्यांचं होतं."

फोन स्पीकरवर होता. ईरा दारात उभी राहून ऐकत होती. मी तिला पाहिलं होतं आणि ताईला थांबवलं नव्हतं. ती आत गेली आणि निबंधाची पानं पुन्हा उघडून बसली. तो तर केव्हाच देऊन झाला होता.

"आणि तू काय करणार आहेस, ताई?" मी विचारलं.

"मी? मी कुणालाच सांगणार नाहीये. दोघांनाही वाटतंय मी त्यांच्याच बाजूने आहे. वाटू दे." इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

मोजणी झाली तेव्हा आमच्याकडे शुक्रवारची दुपार होती. ऑफिसात कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. आमच्याकडे निम्मे लोक कधी ना कधी तिकडून आलेले. कुणी खिडकीशी जाऊन आईला फोन लावत होतं. निकाल स्पष्ट व्हायला लागला तेव्हा ईरा परीक्षेच्या हॉलमध्ये बसलेली होती. मी लवकर निघाले आणि जॉन्सनव्हिल स्टेशनवर तिची वाट बघत थांबले. गाडी आली. ती उतरली, आणि चेहऱ्यावरून कळलं, तिला कळलंय.

चढण चढताना ती रडली. वाऱ्यामुळे रडणं सोपं जातं इथे, सगळ्यांचेच डोळे वाहत असतात. अर्ध्या वाटेवर थांबून म्हणाली, "देशाचं जे व्हायचं ते झालं. एका मताने काही झालं नसतं, मला कळतं. पण त्याने काय केलं, मावशी?"

"विचार त्याला."

"विचारलं तर त्याला कळेल, मला शंका आहे."

घरी येऊन मी खिचडी टाकली.

शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ. तिचा आवाज ऐकूनच मी हातातला टॉवेल खाली ठेवला. दुपारी कुणी अनोळखी माणूस भावजींच्या दुकानात शिरला होता. काउंटरवर हात आपटून म्हणाला, "आता बॅगा कधी भरताय?" बास, इतकंच बोलला आणि गेला. भावजींनी रांगेतल्या बाईंना त्यांच्या गोळ्या दिल्या, हिशेब केला, आणि दुकान बंद करून घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भरदिवसा दुकान बंद. तेव्हापासून खुर्चीत बसून होते.

ईराने माझ्या हातातून फोन घेतला. घेतला म्हणजे हिसकावलाच. "बाबाला दे." आणि मग, "बाबा? बाबा, तुला लागलं नाही ना? तो परत आला तर? तू एकटा बसू नकोस तिथे. मी येऊ का? मी तिकीट बदलते." सगळं एका दमात, आणि शेवटचं वाक्य मराठीत होतं. मोडकं, पण मराठीत: "मी येते, बाबा."

पलीकडून मग भावजींचा घसा खाकरल्याचा आवाज. "अगं, मला काही झालेलं नाही. लोक चांगले आहेत इथले. तू परीक्षा दे."

"झाली परीक्षा."

"कशी गेली?"

"बरी."

"ऐक," भावजी म्हणाले. "तुझं मत दिलं मी. आधी तुझं दिलं. दोन कागद होते हातात. आपलं दुसऱ्यात मिसळायला नको म्हणून तुझा आधी घेतला, तुला हवं होतं तिथे फुली मारली, घडी घातली आणि पेटीत टाकून आलो. मग परत आत गेलो आणि माझं दिलं." मग म्हणाले, "तिथली बाई म्हणाली, दोन्ही एकदम टाकलं तरी चालतं. म्हटलं, नको, मुलीचं आहे."

ईरा खाली बसली. माझ्या स्वयंपाकघराच्या थंडगार फरशीवर, फोन कानाला घट्ट धरून. "म्हणजे तू स्वतःचंच मत पुसून टाकलंस," ती म्हणाली.

"हो. घरचा निकाल बरोबरीत सुटला. तुझ्या आईचं काय ते तिलाच माहीत." आणि भावजी हसले. ते हसणं मला इथपर्यंत ऐकू आलं.

त्यानंतर ते दोघं आजीबद्दल बोलले. मी बाहेर गेले आणि उगाचच कुंपणापाशी उभी राहिले. वारा पडला होता. वेलिंग्टनला असा एखादा दिवस मिळतो हिवाळ्यात, की सगळं शहर कोट काढून बसतं. तुई पक्षी फ्लॅक्सच्या झुडपात घोगरं काहीतरी म्हणत होता. बऱ्याच वेळाने ईरा बाहेर आली, डोळे लाल, जँडल्स पायात.

"तुझा विश्वास बसला?" मी विचारलं. खरं तर मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"हीप्स," ती म्हणाली.

सोमवारी भावजींनी दुकान उघडलं, तेव्हा काउंटरवर केक होता. रांगेतल्या त्या बाईंनी आणला होता. त्यांनी स्वतः बाहेर पडण्याच्या बाजूनेच मत दिलं होतं आणि तसं सांगूनही टाकलं. वर म्हणाल्या, तुम्ही कुठेही जायचं नाही, माझ्या गोळ्या दुसऱ्या कुणाला कळत नाहीत. दिवसभर लोक येत राहिले. ज्यांना काही नको होतं तेही खोकल्याच्या गोळ्या घेऊन गेले. हे सांगताना ताई एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होती. ईराच्या निबंधातल्या कुठल्या कप्प्यात त्या केकवाल्या बाई बसतील, मला सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी इथली निवडणूक झाली. न्यूझीलंडमध्ये कायमच्या रहिवाशालाही मत देता येतं, त्यासाठी नागरिक व्हावं लागत नाही. नितीन आणि मी शाळेच्या हॉलमध्ये गेलो. पुठ्ठ्याचा आडोसा, नारिंगी पेन, बाहेर मुलांनी मांडलेला सॉसेजचा स्टॉल. मी पेन हातात घेतलं आणि थबकले. मी कोण, म्हणून मत देतेय? कोथरूडची, की जॉन्सनव्हिलची? पगारदार बाई, की आलेली परकी? सकाळी फोनवर काय वाचलं होतं? मागच्या आठवड्यात ऑफिसात कोण काय बोललं होतं? हे सगळे माझ्या खांद्यावरून डोकावत होते, आणि मला त्यांचा राग आला नाही. माणूस आडोशात एकटा जातो असं दिसतं फक्त. मी जरा वेळ घेतला, मला पटलं तिथे खूण केली आणि बाहेर येऊन सॉसेजऐवजी केकचा तुकडा घेतला. नितीनने दुसऱ्यालाच मत दिलं होतं. घरी येईपर्यंत आम्ही त्यावर वाद घातला आणि मग काय स्वयंपाक करायचा यावर.

पण त्या हिवाळ्याचा माझ्यासाठी शेवट झाला तो ईरा परत गेली तेव्हा. जुलैत तिला विमानतळावर सोडलं. घर एकदम मोठं झालं. दुसऱ्या संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, पोचल्याचा फोन येईना म्हणून मीच ताईला लावला. ती गाडीत होती. भावजी चालवत होते, मागे ईरा, आणि ते लंडनहून घराकडे निघालेले.

"नीट आली ना?"

"आली. भेटली, रडून झालं, कॉफी पिऊन झाली," ताई म्हणाली. "आणि आता हे."

मागून दोघांचे आवाज येत होते. भावजी चक्क मोठ्याने बोलत होते. ईरा त्यांचं वाक्य तोडत होती, ते तिचं तोडत होते. युरोप, पेन्शन, दवाखान्यातल्या नर्सा, मासळी, पुन्हा युरोप. मध्येच भावजी म्हणाले, "तू माझं ऐकून तर घे," आणि ती म्हणाली, "ऐकतेय, पण तू चुकतोयस."

"विमानतळाच्या पार्किंगपासून चालू आहे," ताई म्हणाली. "घर यायला अजून दोन तास आहेत. ठेवू का फोन?"

"नको," मी म्हटलं. "असाच राहू दे." आणि खुर्ची हीटरजवळ ओढून, डोळे मिटून, मी त्यांचं भांडण ऐकत बसले.